नुसता दिवा धर

"नाकाखाली ते काळं काय हाय?"

"सावली आहे."

"काढ."

समोर उभा असलेला गडी युवा नेत्याचा उजवा हात होता. उद्या नेत्याचा वाढदिवस, आणि विट्याच्या प्रत्येक चौकात फ्लेक्स लागायचा होता. मी माउस फिरवला आणि नेत्याच्या नाकाखालची सावली पुसून टाकली. मग हनुवटीखालची पुसली. मग डोळ्यांखालची. नेत्याचा चेहरा इतका उजळला, की आतून बल्ब लावल्यासारखा दिसायला लागला.

"आता कसं!" गडी खूश झाला. "आता साहेब वाटत्यात."

फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. एकानं गोव्याच्या बीचवर भर उन्हात काढलेला दिला होता, एकाचा लग्नातला होता, एकाचा उसाच्या फडात, एकाचा तर सलूनच्या आरशातला. सगळ्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळा उजेड. मी सगळ्यांना सारखंच उजळ करून एका रांगेत उभं केलं. झुंजार फ्लेक्समध्ये हेच माझं काम होतं, आणि या कामात मी वाकबगार होतो. मालक संपतशेठ नव्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "अवधूतकडनं शिका. माणूस किती का काळाढुस्स असंना, हा पोरगा त्याला धुऊन काढतो. सावली दिसली की गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा."

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा माझं वय असं होतं, की गिऱ्हाइकं गेली की मी फ्लेक्सची फाइल बंद करायचो आणि दुसरी उघडायचो. त्या दुसऱ्या फाइलमध्ये पंख असलेले घोडे होते, सापाच्या शेपटीच्या राण्या होत्या, दोन डोकी असलेला एक सेनापती होता. डिजिटल पेनानं मी त्यांची चिलखतं रंगवायचो, एकेक कडी, एकेक खिळा. पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओला मी ही चित्रं पाठवली होती आणि काय आश्चर्य, त्यांनी उत्तर दिलं होतं. परीक्षा म्हणून एक पात्र काढून मागितलं होतं. ते आवडलं तर नोकरी. नाही आवडलं तर आयुष्यभर युवा नेत्यांची नाकं.

पात्र असं होतं: तमोगड नावाचा किल्ला. डोंगराच्या पोटात, आत सूर्य कधी पोचत नाही. त्याच्या दरवाज्यावर एक पहारेकरीण, हातात दिवा. बास, एवढंच. मी जीव ओतून काढली ती. वीतभर कंबर, सिंहाच्या तोंडाचे खांदे, पाठीवर तलवार, कपाळावर हिरवा खडा. पाठवली आणि तीन दिवस फोन उशाशी घेऊन झोपलो.

चौथ्या दिवशी दुकानातच फोन आला. स्टुडिओच्या नूपुर मॅडम. आवाज ठसठशीत, पण माणूस हसत बोलणारं.

"अवधूत, चिलखत झकास आहे. दागिने झकास. हात तर फारच सुंदर काढता तुम्ही."

"थँक्यू मॅडम."

"पण मला एक सांगा, या गडात सूर्य नाही ना?"

"नाही मॅडम."

"मग हिच्या तोंडावर एवढा उजेड कुणी टाकला?"

मी स्क्रीनवर पहारेकरीण उघडून पाहिली.

"दिवा तिच्या हातात आहे, पण त्या दिव्याला चित्रात काही कामच नाही. फुंकर मारून विझवला तरी काही फरक पडणार नाही. बाई अशी दिसते, की कुठून तरी कापून आणून अंधारावर चिकटवलीय."

कापून आणून चिकटवलीय. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं, की मी दिवसभर तेच करत होतो.

"उजेड कुठून येतोय ते आधी ठरवा," मॅडम म्हणाल्या. "मग बाकीचं आपोआप मागं जाईल आणि ती पुढं येईल. मंगळवारी आम्ही नाव पक्कं करतोय. सोमवारी संध्याकाळपर्यंत पुन्हा पाठवाल?"

पाठवतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी दुकान बंद व्हायच्या आधी मी पहारेकरणीवर सावल्या चढवल्या. दिवा पिवळा, म्हणून चेहरा पिवळा केला. नाकाखाली गडद सावली, हनुवटीखाली गडद सावली, डोळ्यांखाली गडद सावली. जिथून जिथून आजवर पुसल्या होत्या, तिथं तिथं परत आणून ठेवल्या. मागून संपतशेठ चहाचा कप घेऊन आले आणि थबकले.

"ही कोण?"

"पहारेकरीण आहे शेठ."

"हिला कावीळ झालीय का?"

"दिव्याचा उजेड आहे तो."

"आन् मिशी?"

मी नीट पाहिलं. खरंच मिशी आली होती. चांगली पिळदार नसली तरी नुकती फुटलेली, कॉलेजातल्या पोराला असते तशी. शेठनी चहाचा घोट घेतला आणि मायेनं माझ्या खांद्यावर थोपटलं. "लेका, सावलीचा नाद सोड. आपला धंदा उजेडाचा."

पण आता नाद सोडून चालणार नव्हता. एकच रविवार हातात होता. ठरवलं, खरा दिवा, खरा माणूस बसवायचा आणि बघून काढायचं. फार पूर्वीच सुचायला हवं होतं, पण फ्लेक्सच्या दुकानात बघून काढायची सवय मोडते.

रविवारी आई-अण्णा तासगावला एका साखरपुड्याला गेले होते, रात्रीच परतणार होते. घरात मी, धाकटी बहीण तेजू आणि मालनआत्या. तेजू बारावीला. तिच्या जर्नलमधल्या बेडकाच्या सगळ्या आकृत्या मी काढून द्यायच्या, या अटीवर ती पहारेकरीण व्हायला तयार झाली. अण्णांचा रेनकोट पाठीवर टाकला, पोटावर स्टीलची परात टॉवेलनं बांधली. खिडक्या लावल्या, त्यांवर गोधड्या टांगल्या. दुपारच्या वेळी खोलीत अंधार झाला आणि उकाडाही. मी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या हनुवटीखाली धरला.

"दादा, परात टोचतीय."

"गप बस. तू योद्धा आहेस."

फोटो काढला. दोघांनी मिळून पाहिला. स्क्रीनवर एक हडळ आमच्याकडे बघत होती.

"डिलीट कर," तेजू म्हणाली. "आत्ताच्या आत्ता डिलीट कर, न्हाईतर बेडूक राहिला बाजूला, तुझीच आकृती काढीन मी."

टॉर्च पांढराफटक होता आणि अंगावर धावून येत होता. पहारेकरणीच्या हातात काही एलईडी नव्हता. देवघरातलं निरांजन आठवलं. पितळेच्या ताटात ठेवलं तर उजेड मऊ पडेल. पण मी दिवा धरून बसलो तर चित्र कोण काढणार? आणि तेजूनं स्वतःच धरला तर तिचा हात दमतो, दिवा खाली येतो, परात वाजते. तिसरं माणूस पाहिजे होतं.

तिसरं माणूस मागच्या पडवीत शेंगा फोडत बसलं होतं.

मालनआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिचे यजमान गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी शाळेत होतो. सावळी, हाडापेरानं दणकट, कपाळावर हिरवं गोंदण, आणि तोंड असं की भाजीवाला आमच्या दारात स्वतःहून भाव उतरवायचा. घरातल्या सगळ्या कामात ती पुढं असायची. फक्त कुणाला ओवाळायची वेळ आली, की तिला एकदम आठवायचं, "अगं बाई, दूध ठेवलंय गॅसवर!" आणि ती आत पळायची. भाऊबीज असो, वाढदिवस असो, माझा दहावीचा निकाल असो. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घरातल्या दुधाला ओवाळण्याची वेळ बरोबर कळते. नंतर मोठा झालो आणि त्या दुधाबद्दल विचार करायचंच राहून गेलं.

"आत्या, जरा आत ये. दिवा धरायचाय."

"कसला दिवा?"

"निरांजन. तेजूच्या समोर धरायचं. मला चित्र काढायचंय."

आत्यानं शेंग फोडता फोडता हात थांबवला. "मी नगं. तुझी आई आली की तिला सांग."

"आई रात्री येणार. मला आत्ता पाहिजे."

"मग रात्री काढ चित्र."

"आत्या, उद्या पाठवायचंय. नोकरीचा प्रश्न आहे माझ्या!"

ती उठली. मला वाटलं, आली. पण ती स्वयंपाकघराकडे वळली. "दूध ठेवलंय गॅसवर."

मी तिच्या मागोमाग गेलो. ओट्यावर गॅस बंद होता. दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये होतं, सकाळपासून. आम्ही दोघं त्या बंद गॅसकडे बघत उभे राहिलो. आत्याची चोरी पकडली गेली होती आणि कसली चोरी ते मला कळत नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त पहारेकरीण होती.

"अगं आत्या, ओवाळायचं नाहीये काही," मी वैतागून म्हणालो. "नुसता दिवा धरायचाय."

"नुसता धरायचा?"

"नुसता."

"कॉम्पुटरसाठी?"

"कॉम्प्युटरसाठी."

तिनं जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, "हात धुऊन येते."

नुसते हात नाही, पायही धुऊन आली. पदर नीट खोचला. फुलवात तुपात भिजवली, निरांजन पुसून लखलखीत केलं, ताटाच्या मधोमध ठेवलं. शेजारी चिमूटभर तांदूळ ठेवले.

"कॉम्प्युटरला अक्षता कशाला?"

"असू दे. मोकळं ताट बरं दिसत न्हाई."

तेजू पाटावर बसली, रेनकोट सावरत. आत्या तिच्या समोर जराशी वाकून उभी राहिली. मी कोपऱ्यात मांडीवर टॅबलेट घेऊन बसलो, जिथून दोघीही दिसतील असा. वात पेटली, तुपात जराशी तडतडली आणि स्थिर झाली.

आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, की मी किती मोठा गाढव होतो.

दिवा तेजूच्या छातीपाशी होता. त्यामुळे नाकाखाली सावली नव्हतीच! नाकाखालीच सगळ्यांत जास्त उजेड होता. सावली वर चढली होती, नाकाच्या शेंड्यावरून कपाळाकडे. भुवयांची सावलीही वर गेली होती. हजारो नाकांखालची सावली मी पुसली होती, आणि ते सगळे फोटो डोक्यावर सूर्य किंवा ट्यूबलाइट असताना काढलेले. म्हणून सावली म्हणजे नाकाखाली, हे माझ्या हाताला पाठ झालं होतं. डोंगराच्या पोटातल्या पहारेकरणीला मी विट्याच्या भर दुपारची मिशी लावून बसलो होतो.

"बरोबर हाय का?" आत्यानं विचारलं.

"बरोबर आहे. हलू नको."

मी भराभर रेघा मारायला लागलो. पाच मिनिटं झाली असतील नसतील, सावली सरकली. वर पाहिलं तर ताट जरासं डावीकडे गेलेलं.

"आत्या, हलतंय."

"न्हाई हलवत."

परत सरकली. आता ताट उजवीकडे आलं.

"आत्या!"

"अरं, मी न्हाई करत! हातच जातोय." ती एकदम रडकुंडीला आल्यासारखी बोलली, आणि आत्याला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ताटात दिवा घेऊन पोरीपुढं उभं राह्यलं की हात गप बसंना झालाय. दुसऱ्या कुणाला तरी बोलव बाबा."

पण तोवर मी भलतंच काही पाहिलं होतं. दिवा सरकला तशी नाकाची सावली घड्याळाच्या काट्यासारखी तेजूच्या चेहऱ्यावर फिरली होती. गालाचा उंचवटा आधी चमकला, मग अंधारात गेला, मग कानाची पाळी लालबुंद दिसली आणि विझली. स्थिर दिव्यात जो चेहरा चित्रासारखा सपाट वाटत होता, तो फिरत्या दिव्यात गोल झाला. कुठं खोल आहे, कुठं वर आलंय, उजेड बोट फिरवून सांगत होता.

"आत्या, थांबवू नको," मी म्हणालो. "फिरव. जसा हात जातो तसा जाऊ दे."

"फिरवू?"

"फिरव. सावकाश."

"कॉम्पुटरला चालतं?"

"कॉम्प्युटरला तेच पाहिजे."

आत्यानं डोळे मिटले आणि उघडले. मग तिचा हात निघाला. तेजूच्या खांद्यापासून वर, कपाळावरून, दुसऱ्या खांद्यावरून खाली. पुन्हा वर. तेजू आत्तापर्यंत परातीबद्दल कुरकुर करत होती, ती गप्प झाली. इतकी गप्प, की मी चित्रावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती आत्याकडे बघत होती. म्हणून मीही आत्याकडे पाहिलं.

तोच उजेड आत्यावरही पडला होता. इतका वेळ ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिव्याच्या सगळ्यांत जवळ तिची बोटं होती, त्यांच्या कडा लालसर. मग मनगट, मग पदराची कड. ताटाच्या पितळेतून उजेड परत वर जात होता आणि तिच्या हनुवटीला खालून सोनेरी रंग देत होता. चेहरा त्याहून जरा मंद. कपाळ त्याहून मंद, आणि तिथं ते हिरवं गोंदण, कुंकवाच्या जागेच्या जरा वर. खांद्यामागं सगळा अंधार. टॉर्चनं तेजूची हडळ केली होती, तसाच हाही उजेड खालून येत होता, पण ही घाबरवत नव्हती. गालांवरची प्रत्येक सुरकुती दिसत होती आणि एकही पुसावीशी वाटत नव्हती.

नूपुर मॅडमनी विचारलं होतं, उजेड कुठून येतोय. मी तेजूचा कागद बाजूला सारला, म्हणजे स्क्रीनवर नवी फाइल उघडली, आणि दिवा धरणारीला काढायला लागलो.

वात संपत आली तेव्हा आत्यानं ताट खाली ठेवलं. तेजू पाटावरून उठली. पोटावर परात, पाठीवर रेनकोट, अशा अवतारात ती वाकली आणि आत्याच्या पाया पडली.

"अगं, हे काय!" आत्या दचकून मागं सरली. "नुसता दिवा धरला हुता."

"असू दे," तेजू म्हणाली. तिची परात ठणकन जमिनीला लागली.

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "खिडक्या उघडा रं. जीव गुदमारला." आणि ती पडवीत निघून गेली. जरा वेळानं शेंगा फोडल्याचे आवाज यायला लागले, नेहमीपेक्षा बरेच जोरात.

"दादा," तेजू हळूच म्हणाली, "तुला कळलं का काय झालं?"

"सावली वर जाते," मी म्हणालो. मी अजून चित्रातच होतो.

"सावली घाल चुलीत. काका गेल्यापासनं आत्यानं कुणाला ओवाळलंय का? आठव बरं."

मी आठवलं. एकेक भाऊबीज आठवली. प्रत्येक वेळी दूध गॅसवर होतं. आमच्या घरात तिला कुणी अडवलं नव्हतं. अण्णांनी नाही, आईनं तर नाहीच. पण कुणी हाकही मारली नव्हती. ती स्वतःहून आत जायची, आणि आम्ही सगळे तिला जाऊ द्यायचो. मला एकदम फार वाईट वाटलं आणि पडवीत जाऊन तिला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण काय बोलणार? 'आत्या, कॉम्प्युटर खोटं बोलला'?

सोमवारी दुपारी दुकानात शेवटचे हात मारत होतो. पहारेकरीण आता वीतभर कमरेची नव्हती. दणकट होती, पन्नाशीची होती. सिंहाचे खांदे अंधारात जवळजवळ दिसेनासे झाले होते. हातातल्या ताटाएवढ्या पसरट दिव्याभोवती तिची बोटं, मग चेहरा, मग काळोख. कपाळावरचा हिरवा खडा मी काढून टाकला आणि तिथं गोंदण केलं. दोन-तीन वेळा सवयीनं हात सुरकुत्या उजळायला गेला. तो मागं घेतला.

संपतशेठ आले. चहाचा कप हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

"काळं लय ठेवलंयस," ते म्हणाले.

"हो शेठ."

"पहारा करती म्हणतोस ना? मला तर ही बघून वाटतंय, आत जावं. आत काय वाईट व्हायचं न्हाई." मग त्यांनी एक उसासा सोडला. "गेलास तू पुण्याला. आता ह्या नेत्यांना कोण धुणार?"

शेठचं बोलणं खरं झालं. मंगळवारी मी घरीच असताना नूपुर मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "पहारेकरीण म्हणजे अडवणारी, असं आम्ही धरून चाललो होतो. ही अडवत नाहीये, ही बघतेय, की तुम्ही नीट आत पोचता का. कोण आहे ही?"

"माझी आत्या."

"तुम्ही या इकडं. पुढच्या महिन्यापासून. आणि एक सांगा, खेळात आम्हाला हिचा दिवा हलता ठेवायचाय. कसा हलेल तो?"

फोन तसाच धरून मी पडवीत गेलो. "आत्या, ओवाळताना हात कुठल्या बाजूनं निघतो गं?"

"मला काय म्हाईत? तुझ्या आईला विचार." ती शेंगांकडे बघत राहिली. मग इकडंतिकडं कुणी नाही असं पाहून तिनं हातातली शेंगांची मूठभर टरफलं तशीच धरून हवेत एक गोल काढला. "असा. पण मी सांगितलं म्हणू नको."

आजही तो खेळ उघडला, की लढाईला आत जायच्या आधी पहारेकरीण तुमच्या समोर येते, दिवा उचलते आणि तुमच्या तोंडावरून तसाच गोल फिरवते. कुठली कुठली पोरं तो खेळ खेळतात. आमची मालनआत्या त्या सगळ्यांना ओवाळून आत सोडते. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी माझा निघायचा दिवस आला.

सकाळची एसटी होती. बॅगा दारात. टॅबलेट, पेन, कॉम्प्युटर सगळं चादरींत गुंडाळून भरलेलं. अण्णा रिक्षावाल्याला फोन करत होते. आईनं पाट मांडला, मी बसलो. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. वात पेटली.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "दूध ठेवलंय गॅसवर."

ती वळली. तेजूनं माझ्याकडे पाहिलं. मी आवाज शक्य तितका रोजच्यासारखा ठेवला.

"आत्या, जरा थांब. दिवा धरायचाय."

ती दारातच थांबली. "आता कशाला?"

"कॉम्प्युटरसाठी."

"कॉम्पुटर तर तू बॅगेत भरलास न्हवं?"

"असू दे."

अण्णांनी फोन कानावरून काढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मी आईकडे बघायचं टाळलं. तिच्या मनात काय आहे ते मला खरंच माहीत नव्हतं. आईनं वाकून माझ्या कपाळावर कुंकू लावलं, वर अक्षता लावल्या. मग ताट उचललं, दारापर्यंत गेली आणि आत्यापुढं धरलं.

"घ्या वन्सं," आई म्हणाली. "मघापासनं वाट बघतोय तो."

आत्यानं हात पदराला पुसले. एकदा पुसले, दोनदा पुसले. ताट घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नुसता धरते हां," ती मला दटावून म्हणाली.

"नुसता धर."

आणि तिचा हात निघाला. खांद्यापासून वर, कपाळावरून, दुसऱ्या खांद्याकडे. उजेड माझ्या तोंडावरून फिरला, तिच्या तोंडावरून फिरला. ती रडत होती आणि हसतही होती, आणि ते लपवायला कुठंच सावली नव्हती.

तेवढ्यात आतून चर्रर्र आवाज आला. मागोमाग करपल्याचा वास. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा गॅसवर खरंच दूध होतं.

तेजू उठायला लागली, तर आईनं तिचा हात धरून खाली बसवलं.

"जाऊ दे उतू," आई म्हणाली.